खबर देणाराची निशाणी

सासूबाईंच्या स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसच्या घरात जिन्याखालच्या भिंतीवर एक लाकडी फावडे टांगलेले आहे. लग्नानंतर प्रथम त्या घरी गेले, तेव्हा ते शोभेसाठी लावले असावे असे मला वाटले होते. पुढे भिंतीला रंग द्यायचा म्हणून ते खाली उतरवले आणि काही वेळ माझ्या हातात राहिले. तेव्हा दिसले की त्याचे पाते डाव्या बाजूने बोटभर झिजलेले आहे, दांड्याच्या मध्यावर पकडीने गुळगुळीत खळगा पडलेला आहे आणि एवढ्या मोठ्या अवजारात लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही. "हे ब्रोराच्या व्हिस्कीच्या भट्टीतले," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्याने ड्यूकच्या बरोबरीने ती भट्टी सुरू केली." समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, कारण तिथली रीत तशी आहे, लिहिताना मात्र हाताला सासूबाई हाच शब्द येतो आणि या लेखात मी तोच ठेवते आहे.

त्यांच्या त्या एका वाक्याचा माग काढण्यात माझी चार वर्षे गेली. ते वाक्य त्यांना त्यांच्या आईने सांगितले होते, आईला तिच्या वडिलांनी, आणि त्याच्या खरेपणाबद्दल घरात कोणाला कधी शंका आली नव्हती. मला शंका आली असेही नाही. ते फावडे ज्याच्या हातात झिजले त्याचे नाव कोणालाच सांगता येत नव्हते, ही गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देईना.

प्रथम त्या फावड्याविषयी. स्कॉटलंडमध्ये त्याला 'शील' म्हणतात. जव दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, मग ते फरशीवर पसरून त्यांना मोड येऊ द्यायचे, ही व्हिस्कीसाठी लागणाऱ्या माल्टची सुरुवात. मटकीला मोड येताना फडक्यातली पुरचुंडी जशी आतून गरम होते, तशीच ही जवाची रास तापते, आणि ती वेळीच उलटली नाही तर मुळ्या एकमेकींत गुंतून सगळ्या राशीचा एकच थर होऊन बसतो. म्हणून माल्टमन दिवसा आणि रात्रीही, दर काही तासांनी, सगळी रास या फावड्याने वर उडवत आणि उलटत पुढे सरकत असे. लोखंडाच्या धारेने कोवळे मोड चिरडतात, म्हणून अवजार लाकडाचे. आठवडाभर हे चालले की पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, किंवा कोळशाच्या आचेवर जव वाळवायचे. वर्षानुवर्षे एकाच बाजूने फावडे मारून माल्टमनचा एक खांदा उतरत असे आणि त्या दुखण्याला भट्ट्यांमध्ये 'मंकी शोल्डर' असे नावच पडले होते. आमच्या शीलचे पाते एका बाजूनेच का झिजले आहे, ते मला हे वाचल्यावर कळले.

ब्रोरा हे गाव स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, सदरलंड परगण्यातील क्लाइन या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील विभागात, आहे. तिथली भट्टी १८१९मध्ये सुरू झाली आणि दीड शतक ती क्लाइनलीश या नावाने ओळखली जात होती. १९६७-६८मध्ये तिच्या शेजारीच नवी भट्टी उभी राहिली, क्लाइनलीश हे नाव नव्या भट्टीकडे गेले आणि जुनी भट्टी पुढे ब्रोरा या नावाने चालली. १९८३मध्ये ती बंद पडली आणि ३८ वर्षांनी, मे २०२१मध्ये, पुन्हा सुरू झाली. कुटुंबात मात्र ती पहिल्यापासून 'ब्रोराची भट्टी'च होती.

घरातील वाक्याला पहिला तडा फार लवकर गेला. १८१९मध्ये ही भट्टी ज्याने बांधली तो जमीनदार त्या वेळी ड्यूक नव्हताच. तो मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड होता, म्हणजे ड्यूकच्या एक पायरी खालचा उमराव, आणि सदरलंडचा ड्यूक ही पदवी त्याला १८३३मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी मिळाली. सदरलंडची जमीन त्याच्या पत्नीच्या, म्हणजे काउंटेस एलिझाबेथच्या, वारशाने त्याच्याकडे आली होती. भट्टीचा पहिला परवानाधारक जेम्स हार्पर. १८४६पासून पुढची ५० वर्षे ती जॉर्ज लॉसन आणि त्याच्या मुलांकडे होती, १८९६मध्ये एन्स्ली आणि हाइलब्रॉन यांनी ती घेतली आणि १९२५मध्ये ती डिस्टिलर्स कंपनीच्या मालकीची झाली. मालकांची ही साखळी कोणालाही एका दुपारी जुळवता येते. तीत सासूबाईंच्या आईच्या माहेरचे आडनाव कोठेही नाही.

भट्टीच्या बाजूने शोधायला गेले की मालक, परवाने, व्यवहार आणि अबकारी खाते एवढेच हाती लागते. अबकारी अधिकारी तर भट्टीच्या आवारातच राहत असे. गोदामाला दोन कुलपे असत, एकाची किल्ली व्यवस्थापकाकडे आणि दुसऱ्याची या अधिकाऱ्याकडे, आणि दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नसे. सरकारचा महसूल या कुलपामागे होता, म्हणून त्या अधिकाऱ्याच्या नेमणुका आणि बदल्या लिहून ठेवल्या गेल्या. फावडे मारणाऱ्याच्या नेमणुकीचे कागद जपून ठेवण्याची गरज कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. त्यामुळे मी दिशा बदलली आणि भट्टीकडून माणसाकडे जाण्याऐवजी घरातील माणसांकडून मागे जायला लागले.

या कामासाठी स्कॉटलंडइतका उदार देश मी दुसरा पाहिला नाही. तिथे १ जानेवारी १८५५पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची झाली, आणि नोंदीत काय काय विचारायचे हे ठरवणाऱ्यांनी फार दूरवर पाहिले होते. जन्माच्या नोंदीत आईवडिलांचे लग्न केव्हा आणि कोठे झाले ते लिहिलेले असते. लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू या दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या वडिलांचे नाव तर असतेच, पण आईचे नावही तिच्या माहेरच्या आडनावासह असते. म्हणजे प्रत्येक कागद मागच्या कागदाचा पत्ता सांगतो. आपल्याकडे नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत घराण्याची नामावळी मिळते आणि मी स्वतः माझ्या आजोबांची सही अशा वहीत पाहिली आहे. पण त्या वह्यांत पुरुषांची ओळ जितकी सलग दिसते, तितकी माहेरच्या नावाने बाई दिसत नाही. स्कॉटिश नोंदीत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावाने सापडते, आणि पुढे या शोधाची किल्ली एका बाईच्याच नोंदीत निघाली.

'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर या नोंदींच्या मूळ पानांची छायाचित्रे मिळतात. प्रत्येक पानाला पैसे पडतात, त्यामुळे अंदाजाने दहा पाने उघडून पाहण्यापेक्षा प्रत्येक पान विचार करून उघडायची सवय लागते, आणि ती सवय चांगली आहे.

सासूबाईंच्या आईचा जन्म १९१५चा. त्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय भट्टीतील कामगार असा होता आणि लग्नाचे वर्ष १९०८. लग्नाच्या नोंदीवरून सासूबाईंच्या पणजोबांचे नाव मिळाले. व्यवसाय माल्टमन, जन्म १८४६च्या सुमाराचा. इथपर्यंत तीन संध्याकाळीत पोचले. १९३१मध्ये भट्टी बंद झाली आणि पुढची काही वर्षे बंदच राहिली, तेव्हा सासूबाईंचे आजोबा कुटुंब घेऊन इन्व्हर्नेसला रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला आले, एवढे घरात माहीत होते. येताना त्यांनी ते शील बरोबर आणले असणार. ते त्यांचे होते की त्यांच्या वडिलांचे, हे कागद सांगणार नाहीत, पण झीज एका पिढीची वाटत नाही.

पणजोबांच्या मागे जाताना मात्र मी चुकले आणि त्या चुकीत एक वर्ष गेले. एका संकेतस्थळावर कोणीतरी तयार करून ठेवलेला वंशवृक्ष मला मिळाला, त्यात आमचे पणजोबा होते, त्यांचे वडील होते, आजोबा होते, आणि सगळे थेट गॉल्स्पीच्या एका गिरणीवाल्या घराण्यापर्यंत जात होते. मी तो जसाच्या तसा उतरवून घेतला आणि सासूबाईंना सांगूनही टाकला. त्या खूष झाल्या, कारण गिरणीवाला म्हणजे भट्टीला भागीदार होऊ शकेल असा माणूस. पुढे पणजोबांच्या मृत्यूची मूळ नोंद उघडली, तेव्हा आईचे माहेरचे आडनाव जुळेना. त्या वंशवृक्षात दोन निरनिराळ्या पॅरिशमधल्या, एकाच नावाच्या, जवळपास एकाच वयाच्या दोन मुलांना एक केले होते. सासूबाईंना मी ते सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, "मग आता कोठून सुरुवात करायची?"

एकाच नावाची माणसे तिथे इतकी असण्याला कारण आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, तिसऱ्याला वडिलांचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे, अशी नावे ठेवण्याची रीत होती. आजोबांचे नाव नातवाला ठेवणे आपल्याला नवीन नाही, पण तिथे ती रीत इतक्या नेमाने पाळली जाई की चार भावांच्या घरी चार चुलत भाऊ एकाच नावाचे असत, आणि आडनावेही मॅकाय, सदरलंड, गन अशी मोजकीच. म्हणून गावात माणसे टोपणनावांनी ओळखली जात आणि ती टोपणनावे गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत असत. कागदावर मात्र ती क्वचितच आली. ही रीत शोधणाऱ्याला जशी अडवते तशीच मदतही करते: पणजोबांच्या भावंडांची नावे क्रमाने लावली आणि त्यावरून त्यांच्या आजोबा-आजींची नावे आधी अंदाजाने मांडली. मृत्यूच्या नोंदींनी ती पुढे खरी ठरवली.

खापरपणजोबा, म्हणजे १८४६मध्ये जन्मलेल्या माल्टमनचे वडील, मला खानेसुमारीत सापडले. १८४१च्या खानेसुमारीत ते शेतमजूर आहेत आणि वय ३० लिहिले आहे. १८५१मध्ये तेच भट्टीतील मजूर आहेत आणि वय ४३. आधी मला वाटले की ही पुन्हा दोन माणसे आहेत. वयाचा उलगडा सोपा होता: १८४१मध्ये १५ वर्षांवरील माणसांची वये खालच्या पाचाच्या पटीत उतरवून लिहिण्याची सूचना होती, म्हणजे ३३चे ३० झाले. व्यवसायाचा उलगडा व्हायला वेळ लागला आणि तो झाला तेव्हा मला फार आनंद झाला. १८४१ची खानेसुमारी जूनच्या रात्री झाली, १८५१ची मार्चच्या शेवटी. जुन्या काळी भट्ट्या थंडीत चालत आणि उन्हाळ्यात बंद राहत. उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट होते, माल्टच्या फरशीवर उष्णता आवरत नाही. त्या बंद काळाला तिथे 'सायलेंट सीझन', म्हणजे मुका हंगाम, म्हणतात. मग माणसे आपापल्या तुकड्यात राबत, पीट कापत, मासेमारीला जात. जूनमध्ये विचारले तर तो शेतमजूर, मार्चमध्ये विचारले तर भट्टीतला, आणि दोन्ही उत्तरे खरी. १८६१ आणि १८७१मध्ये, एप्रिलच्या सुरुवातीला, ते माल्टमन आहेत. १८७९मध्ये ते वारले.

त्यांचे जन्मस्थान १८५१च्या पानावर क्लाइन नव्हते. तिथे किल्डोनन लिहिले होते.

किल्डोनन हे ब्रोराच्या उत्तरेला, हेल्म्सडेल नदीचे खोरे. हे नाव पाहिल्यावर मी त्या दिवशी पुढे शोधले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेचा इतिहास थोडासुद्धा वाचला असेल, तर १८०८च्या सुमाराला किल्डोननमध्ये जन्मलेला मुलगा म्हणजे काय हे कळते. १८११च्या खानेसुमारीत त्या पॅरिशमध्ये १,५७४ माणसे होती. १८३१मध्ये २५७ उरली. मधल्या २० वर्षांत सदरलंडच्या जहागिरीने, म्हणजे त्याच मार्क्विस आणि काउंटेसच्या कारभाराने, खोऱ्यांतील कुळे उठवली आणि ती जमीन मोठ्या मेंढपाळांना खंडाने दिली, कारण लोकरीतून मिळणारा खंड या लहान कुळांकडून मिळणाऱ्या खंडाच्या कितीतरी पट होता. १८१३मध्ये किल्डोननच्या लोकांनी जमीन पाहायला आलेल्यांना हुसकावून लावले, तेव्हा फोर्ट जॉर्जहून सैन्य आणले गेले. त्याच वर्षी सुमारे शंभर जण जहाजाने हडसनच्या उपसागराकडे निघाले आणि आजच्या विनिपेगजवळ रेड नदीकाठी वसले. तिथे आजही किल्डोनन नावाचे भाग आहेत. शेजारच्या स्ट्रॅथनेव्हरमध्ये घरे जाळल्याबद्दल आणि त्यात झालेल्या मृत्यूंबद्दल कारभारी पॅट्रिक सेलरवर १८१६मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. १८१९च्या वसंतात पुन्हा शेकडो कुटुंबे उठवली गेली. छपराची लाकडे जाळून टाकत, कारण त्या उघड्या प्रदेशात लाकूड मिळणे दुर्मीळ आणि लाकडावाचून पुन्हा छप्पर घालता येत नाही.

उठवलेल्यांना किनाऱ्यावर लहान तुकडे दिले गेले. तुकडा एवढा लहान असे की त्यावर पोट भरू नये आणि माणसाने मासेमारीला, खाणीला किंवा मजुरीला जावे, हाच त्यामागचा हेतू होता. ब्रोराला जहागिरीने कोळशाची खाण चालवली, मीठ पिकवले, विटा भाजल्या आणि १८१९मध्ये भट्टी बांधली. भट्टीचा हिशेबही याच योजनेतला आहे: कुळे आपल्या जवाची चोरून हातभट्टी लावत, त्याऐवजी त्यांनी जव या भट्टीला विकावेत, त्या पैशातून खंड भरावा आणि उरलेल्या चोथ्यावर डुकरे पोसावीत. भट्टी ब्रोराच्याच कोळशावर चालवायची होती. खोरे रिकामे करणारा आणि भट्टी बांधणारा हात एकच होता, ही गोष्ट इतिहास म्हणून मी वाचली होती. पण ती कोणा एका घराच्या कागदावर दिसेल असे मला वाटले नव्हते.

ती दिसली खापरपणजोबांच्या आईच्या नोंदीत. त्यांच्या मृत्यूच्या कागदावर तिचे माहेरचे आडनाव होते, आणि त्या नावाने शोधल्यावर क्लाइनमध्ये १८५५ची मृत्यूनोंद निघाली. १८५५ हे वर्ष स्कॉटलंडमध्ये पूर्वज शोधणाऱ्यांना सोन्यासारखे आहे. नोंदणीच्या या पहिल्या वर्षी इतकी माहिती विचारली होती की निबंधकांना ते काम झेपेना आणि पुढच्या वर्षी रकाने कमी करावे लागले. मृत व्यक्ती कोठे जन्मली, या भागात किती वर्षे राहिली, तिला मुले किती, त्यांची नावे आणि वये, जी वारली ती केव्हा, दफन कोठे केले, एवढे सगळे त्या एका वर्षाच्या पानावर आहे.

वय ७८. विधवा. जन्म किल्डोनन. या भागातील वास्तव्य: ३६ वर्षे.

पन्नासातून पाच वजा करायला कागद लागत नाही, पण त्या रात्री मी १८५५मधून ३६ वजा करण्यासाठी कागद घेतला आणि उत्तर दोनदा तपासले. १८१९. खापरपणजोबा तेव्हा ११ वर्षांचे. म्हणजे भट्टीचा पाया घातला जात होता, त्याच वर्षी ही बाई नवऱ्याबरोबर, मुलांना घेऊन खोऱ्यातून खाली आली, आणि तिचा मुलगा पुढे त्याच भट्टीत मोड आलेले जव उलटत म्हातारा झाला.

सासूबाईंना हे सांगायला मी इन्व्हर्नेसला गेले, फोनवर सांगितले नाही. 'भट्टी ड्यूकबरोबर सुरू केली' हे वाक्य खोटे म्हणून बाजूला टाकायला माझे मन तयार नव्हते आणि आजही नाही. पहिल्या वर्षापासून आम्ही तिथे होतो, एवढा त्याचा गाभा खरा निघाला. तीन पिढ्यांत त्यातला 'का' गळून पडला आणि त्या जागी 'बरोबरीने' हा शब्द आला. मुलांना काय सांगायचे आणि काय नाही, हे त्या ११ वर्षांच्या मुलाने मोठेपणी कधीतरी ठरवले असेल. माझी आई कोयनेच्या खोऱ्यातली. तिचे माहेर शिवसागरात गेले. आजी त्याविषयी फक्त "आमचा गाव उठला" इतकेच म्हणे, कोणी उठवला ते म्हणत नसे. मराठीतले ते क्रियापद किती काही गिळते, हे मला किल्डोननच्या कागदांनी दाखवले.

जहागिरीचे कागद एडिंबराला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत आणि तिथे मी आठवडाभर बसले. खंडाच्या वह्यांत किल्डोननच्या वाड्या एकेक करून येतात, कुळाचे नाव, वर्षाचा खंड, बाकी. एका वाडीत त्या बाईच्या नवऱ्याच्या नावाची दोन कुळे आहेत. त्यांतले आमचे कोणते हे मी ठरवलेले नाही, आणि गिरणीवाल्याच्या अनुभवानंतर नुसत्या नावावरून ठरवणारही नाही. वाडी मात्र मी नकाशावर टिपून घेतली.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघी तिथे गेलो. इन्व्हर्नेसहून उत्तरेला जाणारी आगगाडी गॉल्स्पी, ब्रोरा, हेल्म्सडेल करत खोऱ्यात वळते आणि किल्डोननला, गार्डला आधी सांगितले तरच, थांबते. गॉल्स्पीच्या मागे बेन व्रॅगी या टेकडीवर पहिल्या ड्यूकचा १८३७मध्ये उभारलेला पुतळा आहे आणि तो मैलोगणती दिसतो. ब्रोराला उतरून आधी भट्टी पाहिली. दगडी इमारती, तांब्याची दोन मोठी पात्रे, आणि सगळीकडे ओल्या धान्याचा गोडसर वास. बापाच्या कोटाला येणारा असाच वास आपली आई शेवटपर्यंत सांगायची, असे सासूबाई म्हणाल्या. पाहुण्यांना माहिती देणाऱ्या मुलीला त्यांनी माल्टची फरशी कोठे होती ते विचारले, आणि तिने दाखवलेल्या जागी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग जुन्या क्लाइन चर्चच्या आवारात गेलो, कारण दफनाची जागा म्हणून १८५५च्या नोंदीत क्लाइनच लिहिले आहे. त्या बाईच्या नावाचा दगड तिथे नाही. गरिबांच्या थडग्यांवर लेख कोरलेले नसत.

किल्डोननच्या खोऱ्यात आता रस्ता, नदी, रेल्वे आणि मेंढ्या. गावाची जागा ओळखायला मात्र वेळ लागला नाही. सगळीकडे हेदरची तपकिरी झुडपे आणि मध्येच एक हिरवागार पट्टा दिसला, की तिथे कधीकाळी खत घालून जमीन कसली होती असे समजावे. आणि त्या पट्ट्याच्या कडेला गुडघाभर उंचीची दगडी जोती. आपल्याकडे गाव वसलेल्या जमिनीला पांढर म्हणतात, तशी ही त्यांची पांढर. एका जोत्याच्या आत चुलीचा दगड अजून काळा होता. सासूबाईंचे वय ७९. त्या एका भिंतीवर बसल्या आणि इथून ब्रोरा किती लांब हे त्यांनी विचारले. साधारण ३२ किलोमीटर, मी सांगितले. "मुलांना घेऊन," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्यांनी १८५५च्या नोंदीची प्रत मागून घेतली. ती त्यांनी आधी पाहिली होती, पण अक्षर वळणदार आणि दाट असल्यामुळे मीच त्यांना सार सांगितले होते. आता चष्मा लावून त्या ती रकान्यांच्या क्रमाने वाचायला लागल्या. शेवटाकडच्या एका रकान्यात खबर देणाराचे नाव असते. तिथे निबंधकाने आमच्या खापरपणजोबांचे नाव लिहिले आहे, शेजारी 'मुलगा' असे नाते लिहिले आहे, आणि दोन्हींच्या मध्ये शाईची एक वाकडी फुली आहे, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. चार वर्षांत त्या माणसाच्या हातचे मला सापडले ते एवढेच, ही फुली आणि बहुधा ते शील.

म्हणजे वरचे सगळे त्यांनी सांगितलेले होते. आई किल्डोननची, इथे ३६ वर्षे, मुले सहा. ते बोलत असतील आणि निबंधक लिहून घेत असेल. आणि बोलणे गेलिकमध्ये झाले असणार, कारण त्या घरात १८९१च्या खानेसुमारीतसुद्धा सगळ्यांच्या नावापुढे गेलिकची खूण आहे. सासूबाईंनी त्या सहा भावंडांची नावे वयासह मोठ्याने वाचली. पाच वाचून झाली. सहावी, सगळ्यांत धाकटी, दोन वर्षांची होऊन १८२०मध्ये वारली होती. कशाने, ते लिहिलेले नाही. पस्तीस वर्षांनंतर निबंधकासमोर उभे राहून तिच्या भावाने तिचे नाव सांगितले होते आणि तेच नाव आपल्या एका मुलीला ठेवले होते, पुढे तिच्या भाचीला ते मिळाले आणि असे ते खाली येत राहिले. मी ती नोंद प्रथम वाचली, तेव्हाच ते माझ्या लक्षात आले होते, पण सांगायचे राहू दिले होते.

गाडी हेल्म्सडेलच्या वळणावर आली होती. सासूबाईंनी ते सहावे नाव वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी त्यांना रोज त्याच नावाने हाक मारते.